शनिवारी ठरवायचा राहिलेला हिरा

गल्लीत तिला सगळे सोफेवाली म्हणत. तिच्या स्वतःच्या घरात सोफा नव्हता, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी पलंग होता. पण शहरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत लोक तिने शिवलेल्या कव्हरांवर ऐसपैस बसत आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नसे. कारखान्यात जाड कापडाचं मशीन तिच्याकडे असायचं. कापड ओढून ओढून तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती, आणि जीभ पहिल्यापासूनच सरळ नव्हती. "माझा नवरा गेला," असं ती कुणाला सांगे, समोरचा हळहळायला लागे, मग ती म्हणे, "मेला नाही हो. गेला. पायात चपला घालून गेला."

तेव्हा मुलगा रांगत होता. त्याला तिने एकटीने वाढवलं. आधी मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपवून, मग शाळेत ढकलून, मग कधी रागावून तर कधी गोडीगुलाबीने. तो वीज कंपनीत लाइनमन झाला तेव्हा तिला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. खांबावर चढणारं पोर संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे. तो यायचा, हातमोजे दाराशी टाकायचा आणि ओरडायचा, "आई, आलो गं, अख्खा आलो." ती म्हणायची, "मोजून बघते."

त्याची एक मैत्रीण होती. जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. बारीक चणीची, कमी बोलणारी, पाण्याचा पेलासुद्धा टेबलाच्या कडेशी समांतर ठेवणारी. रविवारी जेवायला यायची आणि जेवण झाल्यावर भांडी घासायला उभी राहायची. सोफेवालीला ती पहिल्याच दिवशी आवडली होती, पण तसं बोलून दाखवलं तर पोरगी डोक्यावर बसेल म्हणून तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

एका शनिवारी मुलगा म्हणाला, "आई, चल जरा. अंगठी घ्यायची आहे."

"कुणाला?"

"तुला."

"माझ्या या बोटांत अंगठी? वाटेत अडकून बसेल."

"मग तिला," तो हसला. "तू चल. तुला वाकडी शिवण लांबून दिसते. मला नाही काही दिसत, सगळंच चकाकतं."

सराफाचं दुकान लहान होतं. काचेच्या टेबलामागे एक म्हातारा, त्याच्या डोळ्याजवळ लटकणारं भिंग आणि समोर मखमलीचं स्टूल. मुलाने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. अंगठी साधी, आणि हिरा चौकोनी.

"चौकोनी कशाला?" ती म्हणाली. "कोपरे सगळीकडे अडकतात. जन्मभर सोफ्यांचे कोपरे शिवले मी, मला विचार. गोल घे."

"गोल सगळ्यांकडे असतो आई. ती आयुष्यभर चौकोन काढते. तिला कोपरेच हवेत."

सराफाने निळ्या कागदाच्या घडीतून दोन हिरे काढले. दोन्ही चौकोनी. एक किंचित मोठा, पण त्याला पिवळट झाक होती. दुसरा लहान, पाण्यासारखा स्वच्छ, पण त्याच्या एका कोपऱ्यालगत काळा ठिपका होता. भिंगातून बघितलं तरच दिसणारा, आणि एकदा दिसला की डोळ्यांपुढून न हटणारा. मुलगा कधी हा बघे, कधी तो. बाहेर आभाळ दाटून आलं होतं आणि दुकानातल्या दिव्यांखाली दोन्ही सारखेच झगमगत होते.

"या दिव्यात तर बाटलीची काचसुद्धा हिरा दिसेल," सोफेवाली म्हणाली.

सराफ रागावला नाही. "खरं आहे तुमचं. उन्हात बघायला हवेत. मी अंगठी घडवून ठेवतो, हिरा तेवढा पुढच्या शनिवारी येऊन ठरवा. तोवर दोन्ही राखून ठेवतो."

परतताना मुलगा गप्प होता. तिला वाटलं, लग्नाच्या विचारात असेल. माणूस लग्नाच्या विचारात पडला की त्याचं तोंड असंच होतं, हे तिने स्वतःच्या नवऱ्याचं बघितलेलं होतं.

पुढचा शनिवार यायच्या आतच तो खांबावरच गेला. तुटलेली तार जोडायला तो वर चढला होता. तारेतला प्रवाह बंद आहे असा निरोप आला होता, आणि तो बंद नव्हता. कंपनीच्या गाडीतून दोन माणसं कारखान्यात आली तेव्हा ती एका लांबलचक सोफ्याची पाठ शिवत होती. त्यांची तोंडं बघताच तिला कळलं, तरी तिने हातातली शिवण शेवटापर्यंत नेली, धागा तोडला आणि मग उठली. नंतर बायका म्हणाल्या, कसली घट्ट काळजाची बाई. मधेच मशीन थांबवलं असतं तर तिला उठताच आलं नसतं, हे कुणाला सांगून कळणार होतं?

त्या दिवसांत ती रडली नाही. लोक येत, बसत, तिच्याकडे अपेक्षेने बघत आणि थोडे नाराज होऊन जात. नकाशेवाली मात्र रोज यायची. स्वयंपाक करायची, आल्यागेल्याला पाणी द्यायची, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची. शेजारणी तिला बघून हळू आवाजात म्हणत, "बिचारी. सून व्हायच्या आधीच." सोफेवालीच्या कानावर ते येई आणि तिला बरं वाटे. कुणीतरी आपल्याइतकंच बुडालेलं आहे, याचा तिला आधार होता. हा विचार वाईट आहे हे तिला समजत होतं, पण त्या दिवसांत आधार चांगला की वाईट हे बघायची ताकद तिच्यात नव्हती.

मुलाचा फोन तिने चालू ठेवला होता. कधीमधी कुणाचा तरी यायचा, ती सांगायची, पलीकडचा माणूस अडखळायचा. एक दिवस म्हातारा आवाज आला, "अहो, आलाच नाहीत परत. अंगठी केव्हाच तयार आहे. हिरा तेवढा ठरवायचा राहिलाय."

"येते," ती म्हणाली, आणि मुलाचं काही न सांगता तिने फोन ठेवला.

रद्द करायचं असं ठरवूनच ती गेली. दुकानात पाऊल टाकताच सराफाने तिच्या मागे बघितलं, दाराकडे.

"चिरंजीव?"

"नाही आता," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. मग म्हणाला, "ताई, अंगठीची काळजी करू नका. समजा, काही ठरलंच नव्हतं. मी ती वितळवून टाकीन."

वितळवून हा शब्द तिला कसासाच लागला. ती स्टुलावर बसली. बसताना तिचा हात कडेला गेला आणि मखमल उसवलेली लागली. "ही शिवण सुटलीय," ती म्हणाली. "आणखी थोड्या दिवसांत आतला कापूस बाहेर येईल." मग ती म्हणाली, "हिरे दाखवा."

त्या दिवशी ऊन होतं. सराफाने निळी घडी उचलली आणि तिला दुकानाच्या दाराशी नेलं. पायरीवर एक पांढरा कागद पसरला, चिमट्याने दोन्ही हिरे त्यावर ठेवले आणि भिंग तिच्या हातात दिलं. रस्त्यावरची माणसं बाजूने जात होती. एकाची पिशवी तिच्या खांद्याला घासून गेली. ती वाकून बसली आणि बघू लागली.

दुकानातली झगमग उन्हात उरली नव्हती. हिरे आता शांत दिसत होते. मोठ्यातला पिवळेपणा उघड झाला होता, फार उकळलेल्या दुधावर येतो तसा. लहान मात्र इतका निर्मळ होता की कागद त्याच्यातून आरपार दिसत होता, आणि कोपऱ्यापाशी तो काळा ठिपका.

"ठिपक्याचं काय असतं," सराफ हळूच म्हणाला, "चौकोनी हिरा कोपऱ्यातच नाजूक. तिथे डाग असला तर बसवताना, किंवा पुढे कधी आपटला, तर टवका उडू शकतो. उडेलच असं नाही."

"तो कोणता घेणार होता?"

"मला नाही बोलले."

तिने आठवायचा प्रयत्न केला. मुलगा कोणत्या हिऱ्याकडे जास्त वेळ बघत होता? त्याच्या हाताची बोटं आठवली, टेबलावर टकटक करणारी. त्याचं मनगट आठवलं, तिथला जुना चटका आठवला. पण नजर कुठे होती ते आठवेना. या पोराला भातात मीठ किती लागतं, झोपेत तो कोणत्या कुशीवर वळतो, हे सगळं आपल्याला माहीत, आणि एवढी साधी गोष्ट माहीत नाही. तिने दोन्ही हिरे आलटून पालटून बघितले, ऊन पायरीवरून सरकलं, सराफाने कागद उन्हाबरोबर सरकवला. तो घाई करत नव्हता. आत दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

"मोठा द्या," ती शेवटी म्हणाली. "पिवळा असू दे. टिकायला हवा."

बोलून गेल्यावर आपण काय म्हणालो ते तिला ऐकू आलं. कुणासाठी टिकायला हवा? भिंग तिच्या हातातून पायरीवर पडलं, आणि भर रस्त्यात, पांढऱ्या कागदापुढे वाकलेली सोफेवाली हुंदके देऊन रडायला लागली. सराफ तिच्याजवळ पायरीवर बसला. आधी त्याने दोन्ही हिरे मुठीत घेतले, कारण वारा सुटला होता.

अंगठी घरी आली. रविवारी पोरगी जेवायला येईल तेव्हा तिला द्यायची असं सोफेवालीने ठरवलं. काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं. त्याने तुझ्यासाठी घेतली होती, तू ठेव, घाल किंवा घालू नकोस, एवढंच.

पण त्या रविवारी पोरगी जेवलीच नाही. ताटावर बसली आणि हात मांडीवर ठेवून राहिली.

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. मी आता इथे येत जाऊ शकत नाही."

"का गं?"

"सगळे मला सून म्हणतात. तुम्हीपण परवा त्या बाईंना म्हणालात, आमची सून. मला ते सहन होत नाही. कारण मी..." ती थांबली. "मी त्याला नाही म्हटलं होतं, काकू. त्याने लग्नाचं विचारलं होतं. मला लांबच्या शहरात नोकरी मिळालीय, मला जायचं होतं. आणि नोकरी नसती तरी. तो खूप चांगला होता. पण मला नव्हतं करायचं."

सोफेवालीच्या हातात वाढायचा चमचा तसाच राहिला. "कधी सांगितलंस?"

"तो जायच्या आदल्या आठवड्यात. बुधवारी."

बुधवारी. आणि शनिवारी तो आईला घेऊन सराफाकडे गेला होता. म्हणजे काचेच्या टेबलापुढे तो मखमलीच्या स्टुलावर बसला होता, तिला कोपरेच हवेत म्हणत होता, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. परतताना तो गप्प होता.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. ठीक आहे म्हणाला. मग म्हणाला, रविवारी जेवायला मात्र ये, नाहीतर आई माझं डोकं खाईल." पोरगी आता रडत होती. "काकू, त्याचं लक्ष नव्हतं का हो कामात? माझ्यामुळे?"

सोफेवाली ताटाकडे बघत होती. तिचा आवाज आला तो तिलाही ओळखू आला नाही. "बाहेर हो."

"काकू..."

"ऊठ. आणि माझ्या दारात परत येऊ नकोस."

पोरगी गेली. चपला घालताना तिला पट्टा सापडेना, तशीच फरपटत गेली. सोफेवालीने ताट उचललं, ओट्यावर ठेवलं आणि अंगठीची डबी कपाटात, मुलाच्या कामावरच्या शर्टांच्या खाली, अगदी आत ढकलली.

त्यानंतर तिला झोप लागेना. एकच प्रश्न डोकं पोखरत होता. पोर चुकलं, की त्याने मुद्दाम चुकवलं? कारखान्यात तिच्या शिवणी वाकड्या जायला लागल्या. मालक तिचं काम गुपचूप दुसऱ्या बाईकडून उसवून परत शिवून घेई. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने एक दिवस सुट्टी टाकली आणि मुलाच्या जोडीदाराचं घर गाठलं.

त्याला सगळे लंबू म्हणत. दोघे नेहमी एकाच गाडीवर असायचे. एक वर चढायचा, दुसरा खाली उभा राहायचा. त्या दिवशी लंबू खाली होता. तिला दारात बघून तो उभ्याउभ्याच खचला. बायकोने चहा आणून ठेवला, तो कुणीच घेतला नाही.

"मावशी, मी यायला हवं होतं तुमच्याकडे. तोंड नव्हतं."

"ते राहू दे. मला एवढंच सांग, तो कसा होता त्या दिवशी?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा. सकाळी माझ्या डब्यातलं खाल्लंन. चढताना म्हणाला, पाऊस यायच्या आत उरकू. निरोप मीच घेतला होता मावशी, माझ्या कानांनी. लाइन बंद केलीय म्हणाले. पलीकडच्या वीज केंद्रातून कुणीतरी चालू केली. आता सगळे एकमेकांवर ढकलतायत."

"तुमच्याकडे काठी असते ना? तार जिवंत आहे की मेलेली ते बघायची. तो सांगायचा मला."

लंबूने मान खाली घातली. "असते."

"मग?"

"तो रोज लावायचा. आमच्यात तोच एक रोज लावायचा, आम्ही हसायचो त्याला." त्याने तळहात डोळ्यांवर दाबले. "त्या दिवशी नाही लावली. का नाही लावली मला माहीत नाही. घाई होती, आभाळ आलं होतं. मी खालून ओरडायला हवं होतं. मीही नाही ओरडलो."

आपण इथे उत्तर न्यायला आलो होतो, आणि उत्तर इथेही नाही, हे तिला हळूहळू कळत गेलं. ते ज्याच्याकडे होतं तो ते घेऊन गेला होता. निघताना तिने लंबूच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "तू लावत जा रे ती काठी." लंबू भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

तिथून ती घरी गेली नाही. वाट विचारत नकाशेवालीच्या खोलीवर गेली. खोलीत खोकी बांधून ठेवली होती. पलंगावर गादी गुंडाळलेली होती. पोरगी दार उघडून मागे सरकली, जणू आता थोबाडीत बसणार.

सोफेवाली आत आली आणि एका खोक्यावर बसली. "कधी निघतेस?"

"उद्या."

"बरं." तिने दम घेतला. जिना उंच होता. "मी त्याच्या जोडीदाराला भेटून आले. खाली तोच उभा होता. त्याने मला सगळं सांगितलं. लाइन बंद आहे असा निरोप होता, पलीकडून कुणीतरी चालू केली. पोराची काही चूक नव्हती. त्याने सगळं नीट बघितलं होतं. नेहमीसारखा होता, सकाळी दुसऱ्याच्या डब्यातलं खाल्लं, हसत चढला. त्याच्या मनात काही नव्हतं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती. "खरंच काकू?"

"मी त्याची आई आहे. मला कळणार नाही तर कुणाला कळेल?"

पोरगी तिच्या पायाशी बसली आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. सोफेवालीने ते राहू दिलं. तिला मायेचा पूर वगैरे आला नव्हता. आत कुठेतरी अजून राग होता, ही जगणार, नोकरी करणार, एक दिवस कुणाला तरी हो म्हणणार याचा राग. पण हात आपोआप पोरीच्या केसांवरून फिरत होता, आणि तिने तो थांबवला नाही.

थोड्या वेळाने पोरीने डोकं वर केलं. "एक विचारू? त्या शनिवारी मी त्याला फोन केला होता. म्हणाला, आईबरोबर बाहेर आहे, नंतर बोलतो. नंतर आम्ही बोललोच नाही. कुठे गेला होतात तुम्ही?"

सोफेवालीने खोलीभर नजर फिरवली. खिडकीला पडदा नव्हता.

"पडद्याचं कापड बघायला," ती म्हणाली. "त्याला निळं हवं होतं, मला नको होतं. भांडलो आणि हात हलवत परत आलो."

पोरगी रडता रडता हसली. "तुम्ही दोघं म्हणजे."

"बरं, ऊठ आता. ती दोरी इकडे दे. खोकं असं बांधतात होय? वाटेतच सुटेल." सोफेवाली खाली बसली, तिने खोक्याची गाठ सोडली आणि वाकड्या बोटांनी ते पुन्हा बांधायला घेतलं.